पत आणि जमात

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेरावळ येथे विक्रम संवत 1320 चा, म्हणजे इसवी सन 1264 चा, एक संस्कृत शिलालेख आहे आणि त्याच व्यवहाराची अरबी नोंद निराळ्या शिळेवर कोरलेली आहे. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज व्यापारानिमित्त सोमनाथपाटणास आला, तेथे त्याने जमीन मिळवून मशीद बांधली, तिची दिवाबत्ती आणि इमामाचा व बांगी देणाऱ्याचा निर्वाह चालावा म्हणून तेलाचा एक घाणा व दोन दुकाने तिला लावून दिली, आणि खर्च भागून जी शिल्लक पडेल ती मक्का-मदिनेस रवाना करावी असे ठरविले, ही त्या लेखातील हकीकत. या कामी छाडा नावाचा एक वजनदार स्थानिक गृहस्थ त्याचा स्नेही म्हणून उभा राहिला. नगराच्या पंचकुलाचा प्रमुख, पाशुपत आचार्य वीरभद्र, याची त्यास संमती होती. आणि नाखुदा स्वदेशी परतल्यावर मिळकतीची देखरेख करण्याचा भार तेथील नावाड्यांच्या, घाणेवाल्यांच्या आणि चुनेवाल्यांच्या जमातींवर सोपविण्यात आला. ज्या सोमनाथाचे नाव उच्चारताच आपल्याला केवळ 1026 ची स्वारी आठवते, त्याच सोमनाथाच्या पुजाऱ्यांच्या अनुमतीने अडीचशे वर्षांच्या आत हा दस्तऐवज व्हावा, याचे आश्चर्य इतिहासकारांनी पुष्कळ केले आहे. मला त्यातील व्यापारी भाग अधिक अर्थपूर्ण वाटतो. परमुलखातून आलेला सौदागर, त्याच्यासाठी शब्द टाकणारा गावचा माणूस, आणि सौदागर गेल्यावरही त्याचा शब्द पाळणारी जमात, अशी तीन माणसे-संस्था या एका शिळेवर एकत्र आली आहेत; आणि प्रस्तुत लेखसंग्रहात पश्चिम किनाऱ्यावरील मुसलमान व्यापाऱ्यांची जी कथा सांगितली आहे, ती बहुतांशी या तिघांच्याच संबंधांची कथा आहे.

आपल्या मुलखातील पुरावा तर याहूनही जुना आहे. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या चिंचणी गावी मिळालेल्या शके 848 च्या, म्हणजे इसवी सन 926 च्या, ताम्रपटावरून असे कळते की राष्ट्रकूट सम्राटांच्या वतीने संजाण मंडलाचा कारभार ताजिक वंशाचा, म्हणजे अरब, मधुमती नावाचा अधिकारी पाहत होता. हे मधुमती म्हणजे महंमदाचे संस्कृत वळणाचे रूप होय, असे विद्वान मानतात. याने खाडी उतरण्यासाठी मोफत तरी ठेविल्या आणि संजाणात अन्नसत्र घातले, ज्यात भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. शिवाय भगवतीच्या एका मठिकेस जमीन देण्यातही त्याचा हात होता. त्याच्या दहाच वर्षे आधी अल्-मसूदी हा प्रवासी चौलास येऊन गेला. तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती असल्याचे आणि त्यांच्यापैकीच एकास राजा त्यांच्या तंट्याबखेड्यांचा निवाडा करण्यास नेमीत असल्याचे त्याने नमूद केले आहे. तरी आणि अन्नसत्र या गोष्टी धर्मकृत्ये होत्याच. परंतु ज्या बंदरात माल घेऊन उतरणाऱ्यास नदी ओलांडता येते आणि पोटाला अन्न मिळते, त्या बंदरात तो पुन्हा येतो, हे त्या ताजिक अधिकाऱ्याला समजत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

हल्ली व्यावसायिक ओळखी वाढविणे ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. तारांकित हॉटेलांच्या थंडगार सभागृहांत मेळावे भरतात, गळ्यात नावाची पट्टी अडकविलेले उद्योजक एकमेकांना व्हिजिटिंग कार्डे देतात, आणि रात्री घरी गेल्यावर त्यांतील निम्म्या कार्डांचे मालक कोण हे कुणालाच आठवत नाही. मुसलमान उद्योजकांसाठीही असे मेळावे मुंबईत, हैदराबादेत, कोळिकोडास, दुबईस भरत असतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. मात्र या संग्रहातील लेख वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे. ज्या व्यवस्थेचा इतिहास येथे दिला आहे, तिच्यात नुसत्या ओळखीला फारशी किंमत नव्हती. अमुक माणूस हुंडी पटवील की नाही, उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे ठरल्या मितीला येतील की नाही, आणि आले नाहीत तर कुणाच्या दारात जाऊन बसावयाचे, या तीन प्रश्नांचे उत्तर ती व्यवस्था देत असे. तिच्यापासून मिळणारी वस्तू जामीनकी होती. ती कोण देई, कशाच्या बळावर देई, आणि तिच्या मोबदल्यात काय घेई, हा या संग्रहाचा खरा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'मुसलमान व्यापारी' असा एकजिनसी वर्ग पश्चिम हिंदुस्थानात कधीही नव्हता. कच्छी मेमण निराळे, हालाई मेमण निराळे. खोजे निराळे आणि त्यांच्यातही आगाखानास मानणारे व न मानणारे निराळे. दाऊदी बोहरी आणि सुलेमानी बोहरी निराळे. आणि आपले कोकणी मुसलमान, ज्यांची घरची बोली कोकणी-मराठी आणि ज्यांचे पूर्वज रत्नागिरीपासून कल्याण-भिवंडीपर्यंत गलबते हाकीत आले, ते या सर्वांहून निराळे. प्रत्येकाची जमात स्वतंत्र, जमातखाना स्वतंत्र, सोयरीक आपापल्या वर्तुळात, आणि कित्येकांचा वारसाहक्काचा रिवाजही निराळा. कच्छी मेमणांना शरियतीचा वारसा-कायदा सर्वस्वी लागू करण्यासाठी 1938 साली खास अधिनियम करावा लागला, यावरून त्यांच्या रिवाजाचा चिवटपणा लक्षात यावा. खोजांच्या जमातखान्यात मुखी आणि कामडिया असे दोन अधिकारी असतात, त्यांतील कामडिया हा हिशेबनीस. प्रार्थनेच्या जागी हिशेबनीस असावा, ही गोष्ट परक्याला चमत्कारिक वाटेल. पण ज्या जागी रोज संध्याकाळी शंभर व्यापारी एकत्र बसतात तेथे जमातीचा पैसा, गरजूंची मदत आणि पंचांपुढे आलेले तंटे यांचा हिशेब कुणीतरी ठेवावा लागतो.

या जमातींनी मुंबईत बांधलेल्या मुसाफिरखान्यांचा विचार याच दृष्टीने केला पाहिजे. क्रॉफर्ड मार्केटाजवळ हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला मुसाफिरखाना हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधला गेला, हे खरे. तथापि हजची वाट तीच जेद्दा-एडनची व्यापारी वाट होती, आणि बोटीची वाट पाहत कित्येक दिवस एका छपराखाली काढणाऱ्या यात्रेकरूंत काठेवाडचा कापडवाला, मलबारचा मिरीवाला आणि उत्तरेकडचा चामडेवाला असे सर्व जण असत. त्या मुक्कामात कोणते सौदे ठरत, कोणत्या सोयरिकी जुळत, याचे दप्तर कुणी ठेवले नाही.

जमातीची जामीनकी प्रत्यक्षात कशी चाले, याचा अतिशय बोलका दाखला हिंदुस्थानाबाहेर, दक्षिण आफ्रिकेत, सापडतो. आणि तो आपणा सर्वांना ठाऊक असूनही आपण त्याच्याकडे या नजरेने पाहत नाही. 1893 साली मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर ज्या पेढीच्या कामासाठी डर्बनला उतरला, ती दादा अब्दुल्ला यांची पेढी पोरबंदरच्या मेमणांची होती. पोरबंदरास या पेढीची शाखा, आणि पोरबंदरास गांधींचे घराणे दिवाणगिरीचे. म्हणजे नेमणूक झाली तीच मुळी ओळखीच्या गावातून. करार वर्षाचा, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे आणि 105 पौंड मेहनताना असा होता. दावा 40,000 पौंडांचा, आणि प्रतिवादी तय्यब हाजी खान महंमद हे प्रिटोरियाचे मोठे व्यापारी, पण त्याच गावचे, त्याच जमातीचे आणि वादीचे नातलगही. मुकदमा वर्षानुवर्षे चालला असता तर दोन्ही पक्षांचे भांडवल वकिलांच्या खिशात गेले असते, हे ओळखून गांधींनी दोघांना लवादाला राजी केले. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने झाला.

खरी गोष्ट पुढेच आहे. सुमारे 37,000 पौंड आणि खर्च ही रक्कम तय्यब शेठना एकदम देणे शक्य नव्हते, आणि एकदम मागितली असती तर त्यांचे दिवाळे वाजले असते. दक्षिण आफ्रिकेतील पोरबंदरी मेमणांत दिवाळखोरीपेक्षा मरण बरे, असा अलिखित कायदा होता, असे गांधींनीच नमूद करून ठेवले आहे. तेव्हा जिंकलेल्या पक्षाने हप्ते कबूल करावेत, आणि तेही बऱ्याच लांब मुदतीचे, अशी तजवीज करण्यात आली. लवाद घडवून आणण्यापेक्षा हे हप्ते मान्य करविणेच आपल्याला जड गेले, असेही गांधी म्हणतात. या प्रसंगाकडे सामान्यतः गांधींच्या चरित्रातील नैतिक टप्पा म्हणून पाहिले जाते, आणि तसा तो आहेही. परंतु व्यापाराच्या इतिहासकाराने त्यात जमातीची रचना पाहावी. जिंकलेल्याला वसुली हवी होती. हरलेल्याला इभ्रत वाचवावयाची होती. आणि दोघांनाही हे पक्के ठाऊक होते की उद्या मुलांच्या सोयरिकी, परवाच्या हुंड्या आणि पोरबंदरहून येणारे नवे गुमास्ते या सर्वांसाठी त्यांना त्याच चार घरांकडे जावयाचे आहे. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जे साधले नसते ते या जाणिवेने साधले. 1894 साली नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना झाली, आणि सार्वजनिक कामाचा पैसा घेणार नाही असे गांधींनी म्हटल्यावर वीसेक व्यापाऱ्यांनी आपापली वकिली वर्षभरासाठी त्यांना देऊन त्यांच्या निर्वाहाची सोय केली. या व्यापाऱ्यांच्या पाठबळावाचून तो लढा उभा राहता ना.

मात्र अशा व्यवस्थेची दुसरी बाजू लपविणे हा वाचकाशी द्रोह होईल. जो आपल्याला आत घेऊन पत देतो, तो बाहेर काढून पत काढूनही घेऊ शकतो. 1866 च्या प्रसिद्ध खोजा खटल्यात न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी आगाखानाच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा वाद वरकरणी धर्ममताचा असला तरी जमातखाना, त्यातील वर्गणी आणि जमातीत कोण राहील हे ठरविण्याचा अधिकार कुणाचा, हाही प्रश्न त्यात तितकाच होता. दाऊदी बोहऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर थेट कायद्याच्या दरबारी गेला. मुंबई सरकारने 1949 साली बहिष्कार-प्रतिबंधक अधिनियम केला. त्यांचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्यास आव्हान दिले. आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने, धर्मसंप्रदायाला आपले अंतर्गत व्यवहार पाहण्याचा जो घटनादत्त अधिकार आहे त्यावर तो आक्रमण करतो, या कारणास्तव तो अधिनियम रद्द ठरविला. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी त्यानंतर आयुष्यभर जो झगडा दिला तो याच सत्तेशी. बहिष्कृत बोहऱ्याला लग्नाला आणि दफनाला माणसे मिळत नाहीत, हे दुःख मोठेच. त्याच्या जोडीला दुकानाचे जमातीतले गिऱ्हाईक तुटते, भागीदार दूर होतो आणि उधारीचे खाते बंद होते. ज्या समाजात जवळजवळ प्रत्येक जण दुकानदार किंवा दुकानदाराचा जावई आहे, तेथे धर्मदंड आणि बाजारदंड यांत भेद करणे अवघड. बोहरी जमातीची बिनव्याजी कर्जे, तिची शिस्त आणि तिच्या व्यापाऱ्यांची सचोटी यांची योग्य प्रशंसा या संग्रहातील एका लेखात केलेली आहे. ती वाचताना हे प्रकरणही समोर असावे, एवढेच माझे म्हणणे.

आणि जमातीच्या आत राहून जी संपत्ती मिळाली, तिच्यापेक्षा जमातीचा माणूस बाहेरच्याच्या पेढीवर आपली पत घेऊन गेला तेव्हा मिळालेली संपत्ती अधिक मोठी आहे, असे पुरावा पाहता माझे मत झाले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या चीन-व्यापारात अग्रगण्य ठरलेल्या जमशेटजी जीजीभाई यांच्या पेढीत दोन भागीदार असे होते की त्यांच्यावाचून ती पेढी उभी राहिलीच नसती. मोतीचंद अमीचंद या जैन सावकाराचे धागेदोरे माळव्यातील अफू पिकविणाऱ्या व विकणाऱ्या मुलखाशी होते, आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान जहाजमालक गलबतांचे आणि खलाशांचे धनी. पारशी, जैन आणि कोकणी मुसलमान, आणि चीनकडच्या टोकाला जार्डिन मॅथेसन. माल अफूचा होता, हे सांगताना जीभ अडखळते, आणि अडखळावीच. चीनमधील लक्षावधी संसार त्याने उद्ध्वस्त केले. परंतु भागीदारीच्या रचनेपुरते बोलावयाचे तर यापेक्षा चोख उदाहरण सापडणार नाही, कारण यांतील प्रत्येकाने आपल्या जमातीच्या आत कमावलेला शब्द जमातीबाहेर मांडला आणि तिघांच्या शब्दांची बेरीज कोणत्याही एका जमातीपेक्षा मोठी झाली. याच रोगे घराण्यातील एक गृहस्थ 1874 साली बद्रुद्दीन व कमरुद्दीन तय्यबजी या सुलेमानी बोहरी बंधूंबरोबर अंजुमन-इ-इस्लामच्या संस्थापकांत दिसतात. शाळा काढणे हा त्या संस्थेचा हेतू; पण कोकणी आणि बोहरी एका कार्यकारी मंडळात बसून एकाच ठरावावर सही करतात, अशा मुंबईतील पहिल्या थोड्या जागांपैकी ती एक होती, आणि शाळेइतकेच मला तिचे तेही महत्त्व वाटते.

विसाव्या शतकात हे बाहेर पडणे कंपनी-कायद्याने सुलभ केले. महंमद हाशम प्रेमजी या खोजा व्यापाऱ्याने 1945 साली वनस्पती तूप करण्याचा कारखाना काढला तो खानदेशात अंमळनेर येथे. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे कंपनीचे नाव, आणि विप्रो हा त्याचाच संक्षेप. त्या कंपनीचे भाग अंमळनेरच्या सामान्य गृहस्थांनी घेतले. पुढे 1966 साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी परदेशातील शिक्षण सोडून आले, कंपनी साबण-तुपापासून संगणकापर्यंत गेली, आणि ज्यांनी ते कागद कपाटात जपून ठेवले होते अशा अंमळनेरकरांची कुटुंबे धनाढ्य झाली. येथे भागधारक आणि मालक यांची जमात एक नव्हती, धर्म एक नव्हता, बोलीही एक नव्हती. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्लाची कथाही याच जातीची आहे. तिच्यावर स्वतंत्र लेख असल्यामुळे येथे थांबतो.

आता मालेगाव-भिवंडीकडे वळले पाहिजे, कारण मराठी वाचकाने मुसलमान उद्योजक म्हटल्यावर केवळ मोहंमद अली रोडवरचा अत्तरवाला डोळ्यांपुढे आणू नये. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी गिरणा-मोसमच्या काठी हातमाग मांडले, पुढे त्यांचेच यंत्रमाग झाले, आणि आज मालेगावची झोप-जाग मागांच्या खडखडाटाशी बांधलेली आहे. सुटीचा वार तेथे शुक्रवार. या विणकरांची बिरादरी घट्ट आहे, परस्परांच्या सुखदुःखात ती धावून येते; तरीही तिच्यापाशी मेमणांना किंवा खोजांना लाभलेली व्यापारी जामीनकी नाही, आणि याचे कारण तिच्या धर्मात किंवा स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. पुष्कळसा माग मजुरीवर चालतो: सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच, आणि विणकराला मिळते ती मीटरमागे मजुरी. सुताचा भाव एका बाजारात ठरतो, कोऱ्या कापडाचा दुसऱ्या, ते रंगविले जाते आणखी तिसरीकडे. आणि या तिन्ही बाजारांत विणकराच्या वतीने शब्द टाकणारे माणूस बहुधा नसते. ज्याच्याभोवती सर्व जण त्याच्यासारखेच कर्जदार आहेत, त्याला शेजाऱ्याचा जामीन असून उपयोग काय?

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने 2006 साली जे आकडे पुढे मांडले, त्यांत मुसलमान कामकऱ्यांपैकी सुमारे 61 टक्के स्वतःच्या धंद्यावर जगतात आणि हिंदूंत हे प्रमाण 55 टक्के आहे, असे दिसते. म्हणजे धंद्याची सवय या समाजाला अधिकच आहे. त्याच अहवालात, मुसलमान वस्तीचे काही भाग कर्जवाटपासाठी प्रतिकूल म्हणून काही बँकांनी बाजूला ठेवल्याची नोंद आहे. बँकेचा अधिकारी तारण मागतो, खात्याचा इतिहास मागतो, पत्ता विचारतो. आणि पत्ता ऐकल्यावर पुढचे दोन्ही प्रश्न कित्येकदा विचारलेच जात नाहीत. 1939 साली स्थापन झालेल्या बॉम्बे मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँकेसारख्या संस्थांचे आणि शासनाच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे मूल्यमापन याच कसोटीवर झाले पाहिजे, म्हणजे त्यांनी किती रुपये वाटले यापेक्षा त्यांच्या शिफारशीवर दुसऱ्या कुणी किती रुपये दिले, यावर. जकातीच्या चाळिसाव्या हिश्शाने बुडत्याला हात मिळतो, आणि कर्ज-ए-हसना म्हणून दिलेल्या बिनव्याजी रकमेने अडल्या माणसाचा एक हंगाम निभावतो. माग बदलण्याइतके भांडवल या दोहोंतून उभे राहिल्याचे क्वचितच पाहावयास मिळते. व्याज वर्ज्य मानणाऱ्याने नफ्या-तोट्याच्या भागीदारीकडे वळावे, असे शरियतीचे जाणकार सांगतात, आणि सिद्धांत म्हणून ते योग्यच आहे. परंतु भागीदारीला तर कर्जापेक्षाही अधिक भरवसा लागतो, आणि प्रश्न पुन्हा फिरून जामिनापाशी येतो.

लेखांचा क्रम कालानुसार न लावता थोडा आडवळणाने लावला आहे, याबद्दल काही वाचक तक्रार करतील. प्रथम आफ्रिकेचा किनारा, मग मुंबई, मग कोकण, आणि शेवटी मालेगाव. कोकणावरील लेखात आखाती देशांत गेलेल्या पिढीचा भाग त्रोटक उतरला आहे. रत्नागिरी-रायगडातील ज्या गावांत 1970 नंतर घरोघर आखाताचा पैसा आला, तेथे तो पैसा घरे, मशिदी आणि शाळा यांत गेला आणि उद्योगात थोडाच आला, असे लेखकाचे निरीक्षण आहे, आणि त्यास आधार असला तरी त्याची कारणे त्याने पुरेशी उलगडलेली नाहीत. स्त्रियांचा उल्लेख संग्रहात अत्यल्प आहे. बोहरी घरांतील रिद्यांची शिलाई, भिवंडीतील कांड्या भरण्याचे काम, मुंबईच्या जरीकामातील घरबसल्या मजुरी, ही सर्व बायकांच्या हातची कामे असून, त्यांची पत आणि त्यांचा जामीन हा विषय पुढील खंडासाठी राखून ठेवल्याचे संपादकांनी कळविले आहे. तो खंड लवकर यावा. मालेगाव शेवटी ठेवण्याचा आग्रह माझा. आफ्रिकेतील मेमणांचे आणि मुंबईतील खोजांचे लेख आधी वाचून झाले, तर मालेगावच्या विणकराला नेमके काय मिळालेले नाही हे वाचकास वेगळे सांगावे लागणार नाही, आणि त्या लेखातील मजुरीची, सुताची व कापडाची कोष्टके, जी एरवी कुणी डोळा लावून वाचत नाही, ती तो कदाचित ओळीने वाचील.